बीपी ८० असलेल्या पेशंटला काय चढवायचं? आरएल, हिमॅक्सेल, स्टार्च, अल्ब्युमिन की रक्त

प्रश्न थोडक्यात असा आहे की ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला एकटा एमओ (मेडिकल ऑफिसर), डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग झालेली बाई, बीपी ८०, पल्स १३०, आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईन) दोन बाटल्या गेल्यात, कपाटात हिमॅक्सेल आणि स्टार्चच्या बाटल्या पडून आहेत आणि सिस्टर म्हणतात आधीचे सर अशा वेळी हेच लावायचे. तर हे व्हॉल्यूम एक्स्पांडर (रक्तवाहिन्या भरून काढणारी फ्लुइड्स) सेफ आहेत का, किती द्यायचे, आणि डेंग्यू शॉकमध्ये पण हेच चालतं का?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो. या बाईला स्टार्च लावू नका. हिमॅक्सेलनेही काही साधणार नाही. तिचं रक्त गेलंय, तर ब्लीडिंग थांबवणं आणि रक्त मिळवणं हीच ट्रीटमेंट, आणि तोवर आरएल, मोजून. डेंग्यूत आरएलच पहिली, तिथे कोलॉइडला (हिमॅक्सेल, स्टार्चसारखी मोठ्या रेणूंची फ्लुइड्स) थोडी जागा आहे पण ती नंतरची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सलाईन हे औषध आहे. ॲड्रिनलिनचा जसा डोस असतो तसा तिचाही असतो, आणि डोस संपला की थांबायचंही असतं. आपल्याकडे 'लावून ठेवा एक बाटली' ही इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की हे कुणी शिकवतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी भूल आणि आयसीयू या दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं तालुक्याच्या ठिकाणी काम केलंय, त्यामुळे जे लिहितोय ते तुमच्या कपाटात काय असतं आणि काय नसतं हे धरूनच.

पहिला प्रश्न बाटलीचा नाहीच. पेशंट खरंच रिकामा आहे का, हा आहे. बीपी कमी म्हणजे व्हॉल्यूम कमी असं गणित डोक्यात बसलेलं असतं आणि ते दोन्ही बाजूंनी चुकतं. एका बाजूला तरुण, धडधाकट माणूस शरीरातलं ३० टक्के रक्त जाईपर्यंत सिस्टॉलिक (वरचा) बीपी बऱ्यापैकी टिकवून धरतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणजे ज्या वेळी बीपी ११० आहे म्हणून आपण निवांत असतो त्या वेळी लीटरभर रक्त आधीच गेलेलं असू शकतं. साधारण ७० मिली प्रति किलो धरलं तर ५० किलोच्या माणसात सगळं मिळून साडेतीन लीटरच रक्त असतं. गरोदरपणात ते बरंच वाढतं, म्हणून बाळंतीण थोडी जास्त सहन करते, पण आपल्याकडच्या बायका हिमोग्लोबिन ७-८ घेऊन लेबर रूममध्ये येतात, त्यांच्याकडे ती शिल्लक नसते. म्हणून बाळंतिणीचा नुसता बीपी बघू नका, पल्स भागिले सिस्टॉलिक काढा. ०.९ च्या वर गेलं तर काळजीचं, १ च्या वर म्हणजे धावपळ सुरू करायची. तुमच्या पेशंटचं १३० भागिले ८० म्हणजे १.६ च्या वर आहे. तिचं भरपूर रक्त गेलंय, चादरीवर किती दिसतंय ते विसरा, डोळ्याने मोजलेलं रक्त नेहमी कमीच भरतं.

दुसऱ्या बाजूला बीपी कमी आहे पण पेशंट रिकामा नाहीये असे पेशंट असतात आणि तिथे सलाईन जीव घेते. हार्ट अटॅक होऊन पंपच गेलेला. कार्डियाक टॅम्पोनाड, म्हणजे हार्टभोवती रक्त किंवा पाणी साठून ते दाबलं जाणं. ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), जिथे सलाईन लागतेच पण आधी मांडीत ॲड्रिनलिन ०.५ मिग्रॅ. आणि आपल्या कोकणातला, देशावरचा विंचू. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचं काम केलं त्याच्या आधी ही पोरं पल्मनरी एडिमाने (फुप्फुसात पाणी भरून) जायची. विंचू चावलेलं मूल गार पडलेलं, घामाने निथळलेलं, पल्स धावतेय, बघून कुणालाही वाटेल शॉक आहे, लाव सलाईन. पण ती ऑटोनॉमिक गडबड आहे, आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि दमलेलं हार्ट, त्यात बोलस (थोड्या वेळात एकदम सोडलेलं फ्लुइड) दिला की फुप्फुसात पाणी. तिथे प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो तोंडाने, असेल तर अँटिव्हेनम, आणि उलट्या-घामाने गेलेलं पाणी तोंडाने. हे सगळं बाटली उघडायच्या आधी दोन मिनिटांत बघून होतं: गळ्याच्या शिरा फुगल्यात का, छातीत क्रेप्ट्स (स्टेथोस्कोपने ऐकू येणारी बारीक करकर) आहेत का, लिव्हर खाली आलंय का, हात-पाय गार आहेत की गरम, नखावर ५ सेकंद दाबून सोडलं की रंग यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागतात का. बाई वयात असेल, पोटात दुखतंय आणि पांढरी फटक आहे तर एक्टोपिक (गर्भाशयाबाहेर राहिलेला गर्भ) डोक्यात ठेवाच, ब्लीडिंग बाहेर दिसणार नाही.

आता बाटलीत काय आहे आणि ते शरीरात कुठे जातं ते बघू, कारण सगळा वाद इथूनच सुरू होतो.

५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे शेवटी साधं पाणी. साखर वापरली जाते आणि पाणी सगळ्या पेशींमध्ये पसरतं, लीटर दिलं तर रक्तवाहिन्यांत जेमतेम ८० मिली उरतं. शॉकमध्ये त्याचा उपयोग शून्य. (लोक ज्याला ताकदीची सलाईन म्हणतात ती पुष्कळदा हीच असते, ५०० मिलीमध्ये २५ ग्रॅम साखर, चार-पाच चमचे. पेशंटला समजावून सांगायला हा आकडा कामी येतो.) एनएस (नॉर्मल सलाईन) किंवा आरएल पेशींच्या बाहेरच राहतं पण तिथेही तीन हिस्से ऊतींत आणि एक हिस्सा रक्तात, म्हणजे लीटरमागे पाव लीटर. यावरूनच ते जुनं सूत्र आलं की एक लीटर रक्त गेलं तर तीन लीटर क्रिस्टलॉइड (एनएस-आरएलसारखं मीठ-पाणी) द्या. आणि यावरूनच कोलॉइडवाल्यांचा युक्तिवाद आला की आमचे मोठे रेणू शिरेतून बाहेर पडतच नाहीत, तर आमची एक बाटली तुमच्या तीन बाटल्यांच्या बरोबरीची.

कागदावर हे एकदम पटतं. मलाही शिकताना हेच शिकवलं होतं, वर्गात सगळ्यांनाच. पण जेव्हा हजारो पेशंटांवर मोजून बघितलं तेव्हा ते तीनास एक कुठेच निघालं नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सेफ ट्रायलमध्ये सुमारे ७००० आयसीयू पेशंटांना ४ टक्के अल्ब्युमिन किंवा सलाईन दिली, तर लागलेल्या व्हॉल्यूमचं प्रमाण जेमतेम १ ला १.४ आलं आणि मृत्यूदरात फरक काहीच नाही. कारण असं की रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला जो नाजूक थर असतो, ग्लायकोकॅलिक्स, तोच पाणी आणि प्रोटीन आत धरून ठेवतो, आणि सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अंगभर बिघाड होणं), ट्रॉमा, डेंग्यू यांत नेमका तोच झिजतो. मग मोठे रेणूसुद्धा बाहेर गळतात, आणि एकदा बाहेर गेले की पाण्याला तिकडेच ओढून बसतात. ज्या पेशंटसाठी कोलॉइड हवंसं वाटतं त्याच पेशंटमध्ये ते सगळ्यात कमी टिकतं.

स्टार्चची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण तुमच्या कपाटात ती बाटली आहे. हायड्रॉक्सिइथाइल स्टार्च, मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनवलेलं. स्वस्त, रिॲक्शन कमी, बीपी पटकन वर येतो, त्यामुळे सगळं जग त्याच्या मागे लागलं होतं. त्याच्या बाजूने जे रिसर्च पेपर होते त्यातला मोठा वाटा जर्मनीतल्या योआखिम बोल्ट नावाच्या एका भूलतज्ज्ञाचा होता, आणि २०११ मध्ये त्याचे जवळजवळ नव्वद पेपर मागे घ्यावे लागले, परवानग्या नव्हत्या, डेटावर विश्वास ठेवता येत नव्हता. ते बाजूला काढल्यावर खरे मोठे ट्रायल आले. २०१२ चा स्कँडिनेव्हियातला सिक्सएस ट्रायल, सिव्हिअर सेप्सिसमध्ये स्टार्च विरुद्ध रिंगर्स ॲसिटेट: ९० दिवसांत स्टार्चच्या गटात ५१ टक्के गेले, दुसऱ्या गटात ४३. त्याच वर्षी ७००० पेशंटांचा चेस्ट ट्रायल, तिथे मृत्यूदर सारखाच पण डायलिसिस लागायचं प्रमाण स्टार्चमध्ये ७ टक्के, सलाईनमध्ये ५.८. स्टार्च किडनीच्या पेशींत साठतं, त्वचेत साठून महिनोन्महिने खाज आणतं, आणि क्लॉटिंग बिघडवतं. अमेरिकेत २०१३ पासून त्याच्या लेबलवर काळ्या चौकटीतली वॉर्निंग आहे, युरोपने आधी बंधनं घातली आणि शेवटी २०२२ मध्ये त्याची मार्केटिंग परवानगीच स्थगित केली. आता विचार करा, ब्लीडिंगच्या पेशंटला आपण असं काही देणार जे क्लॉटिंग बिघडवतं आणि आधीच शॉकमध्ये असलेल्या किडनीवर बसतं? माझं मत स्पष्ट आहे, सेप्सिस, किडनीचा त्रास, ब्लीडिंग, भाजलेला पेशंट, यातल्या कुणालाही स्टार्च नको. कपाटातल्या बाटल्या इन्चार्ज सिस्टरांशी आणि अधीक्षकांशी बोलून बाजूला काढा, कारण असल्या की रात्री तीन वाजता कुणीतरी लावतंच.

जिलेटिन म्हणजे आपलं हिमॅक्सेल. गाईगुरांच्या हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं, ३.५ टक्के. रेणू छोटे, दोन-तीन तासांत किडनीवाटे बरंचसं निघून जातं, म्हणजे ज्यासाठी दिलं तो फायदाही तेवढाच. स्टार्चइतकं बदनाम नाही पण फायदा कुणी दाखवलेला नाही, आणि २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस गाइडलाइनमध्ये जिलेटिन वापरू नका असंच सुचवलंय. त्याचे दोन धोके तुमच्या रोजच्या कामातले आहेत. एक, ॲनाफायलॅक्सिस. शॉकमधल्या पेशंटला ही रिॲक्शन आली तर ओळखूच येत नाही, बीपी आधीच पडलेला असतो, तो अजून पडतो, आपल्याला वाटतं अजून व्हॉल्यूम हवं आणि आपण तीच बाटली जोरात सोडतो. कोलॉइड चालू केल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत अंगावर लाली, घरघर, अचानक बीपी पडणं यातलं काहीही दिसलं तर बाटली बंद, सेट बदला, ॲड्रिनलिन. दोन, हिमॅक्सेलमध्ये कॅल्शियम आहे. रक्ताच्या पिशवीत गोठू नये म्हणून सायट्रेट असतं, कॅल्शियम त्याचा परिणाम घालवतं, दोन्ही एकाच लाईनमधून गेलं की नळीतच गुठळ्या. आरएललाही तोच नियम लावा, रक्ताच्या लाईनला फक्त एनएस. आणि नवजात बाळाला सेफ्ट्रायॅक्सोन चालू असेल तर कॅल्शियमवालं कुठलंच फ्लुइड नको.

डेक्स्ट्रान आता फारसं दिसत नाही, पण कुठे सापडलं तर एवढं लक्षात ठेवा की ते रक्तपेशींना चिकटतं आणि क्रॉसमॅचमध्ये (दात्याचं रक्त जुळतं का ही तपासणी) गोंधळ घालतं. सॅम्पल आधी काढायचं. खरं तर कुठलंही फ्लुइड लावायच्या आधी, कॅन्युला टाकतानाच, ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं सॅम्पल काढून घ्यायची सवय लावा.

अल्ब्युमिन ही वेगळी गोष्ट. माणसाच्या प्लाझ्मापासून बनतं, महाग आहे, एकेक बाटली हजारो रुपयांची, आणि नातेवाईक दागिने गहाण ठेवून आणतात म्हणून ते लिहून देताना हात थोडा थांबला पाहिजे. त्याच्या पक्क्या जागा आहेत: लिव्हर सिरोसिसमध्ये पोटातलं पाणी पाच लीटरच्या वर काढलं तर काढलेल्या प्रत्येक लीटरमागे ६ ते ८ ग्रॅम, आणि त्याच पेशंटला पोटातल्या पाण्याचं इन्फेक्शन झालं तर पहिल्या दिवशी १.५ ग्रॅम प्रति किलो, तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम प्रति किलो. सेप्सिसमध्ये क्रिस्टलॉइड भरपूर देऊन झाल्यावर विचार करता येतो. डोक्याला मार असेल तर नकोच, सेफ ट्रायलच्याच पेशंटांचा पुढे पाठपुरावा केला तेव्हा हेड इंज्युरीवाले अल्ब्युमिनच्या गटात जास्त गेले. आणि नुसतं रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी आलं म्हणून बाटली चढवणं याला काही अर्थ नाही.

आरएल की एनएस, यावर लोक तावातावाने भांडतात पण मी लवकर आटपतो. एनएसमध्ये सोडियम १५४, क्लोराइडही १५४, आणि आपल्या रक्तात क्लोराइड १०० च्या आसपास. दोन-तीन लीटर एनएस गेलं की क्लोराइड चढून ॲसिडोसिस (रक्तात आम्ल वाढणं) होतो, जो आपणच केलेला असतो. आरएल रक्ताच्या जास्त जवळ. म्हणून शॉकमध्ये पहिली पसंती आरएल. एनएस कुठे? हेड इंज्युरीमध्ये, कारण आरएल जरा पातळ पडतं आणि मेंदूची सूज वाढायची भीती असते, आणि खूप उलट्या होऊन क्लोराइड गेलेल्या पेशंटमध्ये. आरएलमध्ये पोटॅशियम आहे म्हणून किडनीच्या पेशंटला देत नाहीत, पण ते लीटरला फक्त ४-५ आहे, तेवढ्याने काही होत नाही, उलट एनएसच्या ॲसिडोसिसनेच पोटॅशियम वर जातं. आणि आरएलमधलं लॅक्टेट सेप्सिसचं लॅक्टेट वाढवतं ही भीती पण सोडून द्या, लिव्हर पूर्ण गेलेलं असेल तरच विचार करा.

आता द्यायचं कसं. इथे बाटलीच्या नावापेक्षा कॅन्युलाचा रंग महत्त्वाचा असतो असं माझं ठाम मत आहे. निळ्या २२ नंबरमधून मिनिटाला कसंबसं ३५ मिली जातं, गुलाबी २० मधून ६० च्या आसपास, हिरव्या १८ मधून ९०-१००, आणि राखाडी १६ मधून त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे कंपनीचे आकडे, प्रत्यक्षात थोडं कमीच पकडा. ब्लीडिंगच्या बाईला निळी कॅन्युला आणि महागडं कोलॉइड यापेक्षा दोन्ही हातांत एकेक राखाडी किंवा हिरवी आणि साधं आरएल, हे शंभर पटीने बरं. शिरा बसल्या की मिळत नाहीत, म्हणून ब्लीडिंग सुरू झालं की लगेच दुसरी लाईन, बीपी पडायची वाट बघू नका.

प्लॅस्टिकच्या बाटलीबद्दल एक इशारा. आपल्याकडे अर्ध-कडक बाटल्या येतात, त्या चालाव्यात म्हणून वरून हवेची सुई टोचतात, इथवर ठीक. पण घाईत काही जण त्याच सुईतून सिरिंजने हवा भरून प्रेशर देतात किंवा बाटली पिळत बसतात. बाटली संपत आली की ती हवा सरळ शिरेत जाते. एअर एम्बोलिझमने माणूस टेबलावर जातो. प्रेशर द्यायचंच असेल तर मऊ पिशवी, आतली हवा आधी काढून, प्रेशर बॅगने, आणि समोर माणूस उभा पाहिजे.

डोस असा. मोठ्या माणसाला २५० ते ५०० मिली १५ मिनिटांत, आणि मग थांबून बघायचं. ब्रिटनच्या नाइस गाइडलाइनमध्येही हेच आहे, ५०० मिली १५ मिनिटांच्या आत, परत तपासा, आणि दोन लीटरच्या वर गेलात तर सिनियरला फोन. म्हातारा माणूस, हार्टचा पेशंट, किडनीचा पेशंट, प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी वाढलेली) बाई यांना २५० नेच सुरुवात. 'थांबून बघायचं' म्हणजे काय बघायचं? पल्स उतरली का, नखाचा रंग लवकर येतोय का, पेशंट नीट बोलतोय का, कॅथेटरला लघवी येतेय का (ताशी ०.५ मिली प्रति किलो, म्हणजे ५० किलोला २५ मिली), आणि त्याच वेळी श्वास वाढला का, सॅच्युरेशन पडलं का, फुप्फुसाच्या तळाला नवीन क्रेप्ट्स आले का. पहिल्या यादीतलं सुधारतंय आणि दुसऱ्या यादीतलं काही नाही, तर पुढचा बोलस. पहिल्या यादीत काहीच हललं नाही तर तिसरी-चौथी बाटली लावण्याआधी विचार बदला, निदान चुकतंय, नाहीतर ब्लीडिंग चालूच आहे, नाहीतर आता व्हॅसोप्रेसर (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) हवं. बोलस द्यायचा का नाही हे कळत नसेल तर पेशंटचे पाय ४५ अंशांवर उचलून धरा, पायातलं दोन-तीनशे मिली रक्त हार्टकडे येतं, मिनिटभरात बीपी-पल्स सुधारली तर फ्लुइडचा उपयोग होईल, आणि नाही झाली तर पाय खाली ठेवले की ते रक्त परत जातं, दिलेली बाटली परत काढता येत नाही. आयसीयूत हे हार्टच्या आउटपुटवर मोजतात, तुम्ही पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) बघा, अंदाज येतो.

आता तुमच्या बाळंतिणीकडे परत. गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ब्लीडिंग कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम हळूहळू १० मिनिटांत शिरेतून, डिलिव्हरीपासून ३ तासांच्या आत, प्लासेंटाचे तुकडे राहिलेत का, टाके फाटलेत का, बलून किंवा कंडोम टॅम्पोनाड (गर्भाशयात फुगवून आतून दाब देणं). हे सगळं आरएल चालू असताना एकाच वेळी, एकामागून एक नाही. आरएलच्या दोन बाटल्या आधीच गेल्यात, म्हणजे यापुढचं प्रत्येक लीटर तिचं उरलेलं रक्त पातळ करणार, क्लॉटिंग फॅक्टर पातळ करणार, आणि थंड सलाईन असेल तर अंग गार पडून क्लॉटिंग अजून बिघडणार. फुटक्या टाकीत पाणी ओतत राहिल्यासारखं ते होतं. म्हणून रक्ताचा फोन पहिल्या दहा मिनिटांत गेला पाहिजे. ब्लड स्टोरेज युनिट असेल तर ओ निगेटिव्ह किंवा जे मिळेल ते ग्रुप बघून, नसेल तर १०८ ला फोन आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणी आधी कळवून ठेवणं. बीपी १२० करायच्या मागे लागू नका, ब्लीडिंग थांबेपर्यंत ९० च्या आसपास, शुद्धीवर आहे, बोलतेय, एवढं पुरे. रस्त्यावरच्या ॲक्सिडेंटमध्येही तेच, ८० ते ९० सिस्टॉलिक चालतं, फक्त डोक्याला मार असेल तर नाही, तिथे ११० तरी ठेवा, मेंदूला कमी बीपी अजिबात सोसत नाही.

डेंग्यू अगदी उलट आहे. तिथे रक्त बाहेर गेलेलं नाही, प्लाझ्मा गळलाय, आणि तो गळणं २४ ते ४८ तासांत थांबतं. म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतं, पल्स प्रेशर आवळतं, ताप उतरल्यावर पेशंट बिघडतो आणि घरचे म्हणतात आता तर ताप नाही. पल्स प्रेशर २० किंवा कमी, पण बीपी अजून टिकून आहे, तर आरएल ५ ते १० मिली प्रति किलो एका तासात, मग बघून कमी करत ५-७, ३-५, २-३ मिली प्रति किलो ताशी. बीपीच पडलाय तर २० मिली प्रति किलो १५ ते ३० मिनिटांत. एवढं देऊनही शॉक आहे आणि हिमॅटोक्रिट अजून वरच आहे, तर इथे कोलॉइडची जागा येते, हीच ती एक जागा. व्हिएतनाममध्ये डेंग्यू शॉकच्या ५०० हून जास्त मुलांवर मोजून बघितलं होतं, २००५ साली छापून आलं, त्यात मध्यम शॉकला आरएल कोलॉइडइतकंच चांगलं निघालं, आणि डेक्स्ट्रानला रिॲक्शन जास्त. शॉक आहे पण हिमॅटोक्रिट खाली आलं, तर आतून ब्लीडिंग आहे, रक्त द्या, अजून सलाईन नको. आणि गळणं थांबल्यावर तेच पाणी परत रक्तात येतं. त्या टप्प्यावर पेशंट सुधारलाय, लघवी भरपूर, भूक लागलीय, आणि आपण ठरलेल्या रेटने बाटल्या चालूच ठेवल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. डेंग्यूचे असे पेशंट आयसीयूत येतात जे डेंग्यूने नाही, सलाईनने आलेले असतात. प्लेटलेटचा आकडा बघून सलाईनचा रेट ठरवू नका, त्याचा संबंध नाही.

जुलाब-उलट्यांच्या पेशंटला मात्र हात आखडता घेऊ नका. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये थॉमस लाटाने कॉलराच्या पेशंटच्या शिरेत मीठ-पाणी सोडलं तिथूनच ही सगळी ट्रीटमेंट सुरू झाली, आणि १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर तोंडाने ओआरएस देऊन हजारो लोक वाचवले. सिव्हिअर डिहायड्रेशनला १०० मिली प्रति किलो आरएल: वर्षाच्या आतल्या बाळाला ३० मिली एका तासात आणि ७० पुढच्या पाच तासांत, मोठ्यांना ३० अर्ध्या तासात आणि ७० अडीच तासांत, आणि पिता यायला लागलं की ओआरएस चालू.

पण ते मूल कुपोषित असेल तर हा तक्ता विसरा. मेळघाट, नंदुरबार, पालघर या भागात काम करणाऱ्यांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. सॅमच्या (अतितीव्र कुपोषित) मुलाचं हार्ट कमजोर असतं, तिथे शॉक असेल तरच शिरेतून, १५ मिली प्रति किलो पूर्ण एका तासात, ग्लुकोज घातलेलं आरएल, दर ५-१० मिनिटांनी पल्स आणि श्वास मोजत. श्वास मिनिटाला ५ ने आणि पल्स २५ ने वाढली तर बंद. आणि ताप-इन्फेक्शनच्या पोरांना बोलस देताना आफ्रिकेतला फीस्ट ट्रायल आठवा, २०११, युगांडा-केनिया-टांझानियातली ३१४१ मुलं, व्हेंटिलेटर नसलेली हॉस्पिटलं, म्हणजे आपल्यासारखीच. बोलस दिलेल्या गटात ४८ तासांत साडेदहा टक्के गेली, बोलस न दिलेल्या गटात ७.३. अल्ब्युमिन असो की सलाईन, सारखंच. यातली बरीच मुलं मलेरिया आणि ॲनिमियाची होती. तिथे काय चुकलं यावर अजून वाद आहे पण माझ्यापुरतं मी एवढं घेतलंय की व्हेंटिलेटर नसलेल्या ठिकाणी मुलाला २० मिली प्रति किलो डोळे मिटून देऊ नये, १० द्यावं आणि बघावं. हिमोग्लोबिन ४ असलेल्या मुलाला तर आधी रक्त.

सेप्सिसमध्ये पहिल्या तीन तासांत ३० मिली प्रति किलो असं गाइडलाइन सुचवतं, पण ते सगळं एका दमात नाही, ५००-५०० करत. लीटर-दीड लीटर जाऊन बीपी येत नसेल तर नॉरॲड्रिनलिन चालू करा, मीन (सरासरी) बीपी ६५ हे टार्गेट. सेंट्रल लाईन नाही म्हणून अडून बसू नका, कोपराजवळच्या चांगल्या मोठ्या शिरेतून काही तास चालतं, फक्त ती जागा दर अर्ध्या तासाने बघा, सूज किंवा पांढरेपणा दिसला की लगेच दुसरीकडे. ॲम्प्यूलचं लेबल वाचून डायल्यूशन करा, वेगवेगळ्या कंपन्यांची स्ट्रेंग्थ सारखी नसते.

शेवटी रेफरल. सिव्हिलला पेशंट येतो तेव्हा चिठ्ठीवर 'आयव्ही फ्लुइड्स गिव्हन' एवढंच असतं, आणि पुढचा डॉक्टर बिचारा शून्यापासून सुरू करतो, परत दोन लीटर. चिठ्ठीवर हे लिहा: वजन अंदाजे किती, कुठलं फ्लुइड किती मिली, किती वाजता सुरू किती वाजता संपलं, कोलॉइड दिलं असेल तर नाव आणि बॅच नंबर, प्रत्येक बोलसनंतरची पल्स-बीपी, एकूण लघवी किती, ट्रॅनेक्सॅमिक किती वाजता, क्रॉसमॅचचं सॅम्पल फ्लुइडच्या आधीचं की नंतरचं. त्या सॅम्पलची बाटली पेशंटसोबत पाठवा, वर नाव-वेळ लिहून. ॲम्ब्युलन्समध्ये एका लाईनला आरएल चालू ठेवून दुसरी लॉक करून ठेवा, आणि सोबत जाणाऱ्या सिस्टरला तोंडी सांगा की बीपी ९० च्या खाली गेला, बोलणं तुटलं तर २५० सोडायचं आणि मला फोन करायचा, नाहीतर रेट तसाच ठेवायचा.